टीसीचा शेरा

नांदगावात स्वच्छता या विषयावर प्रत्येकाला मत आहे, पाणी मात्र कोणाकडेच नाही. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं बहुतेक पाणी जळगाव जिल्ह्याच्या शेतांत जातं. उन्हाळ्यात नळ कितव्या दिवशी येणार हे पंचांगातही सापडत नाही. इथं श्रीमंती बँकेच्या पासबुकात मोजत नाहीत, पिंपात डोकावून मोजतात. अशा गावात, ज्याला शौचाला थेंबभरही पाणी लागत नाही असा एक तरी सदस्य प्रत्येक घरात असावा, असं माझं शास्त्रीय मत होतं. घरातल्यांनी ते ऐकून घेतलं नाही. तेव्हा मी शास्त्र सोडून दिलं आणि मांजर घेऊन आलो.

खरं तर तेच मला घेऊन आलं. रेल्वेच्या मालधक्क्यापासून ते माझ्या मागे लागलं आणि घराचं दार उघडताच माझ्या आधी आत शिरलं. काळा कोट, पांढरी छाती, चेहऱ्यावर संशय. आत येताच त्यानं प्रत्येक खोली तपासली, पलंगाखाली कोणी बसलंय का पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझा हात आपोआप खिशात गेला. चिरंजीव म्हणाले, “हा तर टीसी!” तेच नाव पडलं.

टीसी बोका होता. त्याची सोय करायला हवी होती. सिमेंट कालवायचं एक जुनं प्लास्टिकचं घमेलं मागच्या दारी पडलं होतं, ते मी धुऊन आत आणलं. पुढे घरात त्याला ‘टीसीचं ऑफिस’ असं नाव रूढ झालं. पण ऑफिसात घालायचं काय, यावर पहिल्या दिवसापासून मतभेद सुरू झाले.

आई म्हणाली, “आमच्या वेळी मांजराला कोणी घमेलं दिलं नव्हतं. राख असायची. मांजर जायचं, करायचं, झाकायचं. कोणाला पत्ता लागायचा नाही.”

आमच्याकडे अजून पाण्याचा बंब आहे. त्यातली राख घमेल्यात घातली. टीसी गेला, त्यानं केलं, झाकलं आणि मग तो घरभर फिरला. फरशीवर, पलंगावर, आईच्या धुतलेल्या पातळावर आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर पंजे उमटले. आई आधी म्हणाली, “गौरीची पावलं कोणी काढली गं या दिवसांत?” नंतर तिनं पातळ पाहिलं आणि त्यापुढे ती जे म्हणाली त्यात गौरीचा उल्लेख नव्हता.

या बाबतीत आमची आई एकटी नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं लहानसं गाव आहे. १९४७च्या जानेवारीत तिथल्या के ड्रेपर नावाच्या बाईंची मांजरासाठी ठेवलेली वाळू थंडीनं गोठली. त्यांनी राख वापरून पाहिली, तर त्यांच्याही घरभर काळे पंजे उमटले. वैतागून त्या शेजारच्या एड लो या तरुणाकडे वाळू मागायला गेल्या. त्याचा धंदा कारखान्यात सांडलेलं तेल टिपणारी माती विकण्याचा. त्यानं वाळूऐवजी तीच दिली. बाई खूश, मांजर खूश. मग एडनं पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि ६५ सेंट किंमत ठरवून दुकानदाराकडे नेल्या. दुकानदार म्हणाला, वाळू फुकट मिळत असताना ही माती कोण घेणार? एड म्हणाला, मग फुकट वाट. लोकांनी फुकट नेली आणि दुसऱ्या वेळी पैसे देऊन मागितली. माणूस पुढे कोट्यधीश झाला.

ही कथा मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितली. शेवटी म्हणालो, “आणि ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची.” बाकी कोणाच्या काही लक्षात राहिलं नाही, पण बायको भरल्या ताटावरून उठली आणि तिनं आपलं मुलतानी मातीचं पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

राख बाद झाली. मग मी वाळूकडे वळलो. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातली रानमांजरं. आपला माग मोठ्या जनावराला लागू नये म्हणून झाकायची सवय तिथूनच आली म्हणतात. म्हणून एका संध्याकाळी गोणी आणि खुरपं घेऊन मी लेंडी नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. अर्धी गोणी भरते न भरते तोच पुलावर एक मोटरसायकल थांबली. न्यायडोंगरीकडचे एक पालक.

“काय करी ऱ्हायनात सर?”

“थोडी वाळू नेतोय.”

“ट्रॅक्टर कुठं लावला?”

“अहो, मांजरासाठी नेतोय.”

ते बराच वेळ हसले. म्हणाले, “वाळू नेणारे सगळे काही ना काही कारण सांगतात सर. कोणी देवळाचं सांगतो, कोणी घरकुलाचं. पण मांजराचं नाव अजून कोणी घेतलं नव्हतं!”

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर भूगोलाचे सर गंभीरपणे म्हणाले, “रॉयल्टी भरली का?” मधल्या सुट्टीपर्यंत माझं घर दुमजली झालं होतं. वाळूबरोबर आलेल्या मुंग्या, गोखरू आणि बिडीचं थोटूक यांनी उरलेली हौस फेडली. टीसीनं ते थोटूक बाहेर काढून माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवलं.

शेवटी चिरंजीवांनी मोबाइलवरून मांजराची खास माती मागवली. हिला बेंटोनाइट म्हणतात. आपल्याकडे ही कच्छात आणि राजस्थानात बारमेरकडे निघते. पाणी लागलं की फुगते आणि भोवतीच्या ओलाव्यासकट तिचा घट्ट गोळा होतो. तेवढा गोळा उचलून टाकायचा, बाकीची माती कोरडीच राहते. मांजराच्या कामी हिचा उपयोग करायचं अमेरिकेत १९८४ साली थॉमस नेल्सन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाला सुचलं. आमच्याकडे हे ज्ञान दहा किलोच्या गोणीतून आलं. पार्सल आणणारा मुलगा घामाघूम झाला होता.

“काय मागवलं सर एवढं?”

“माती.”

त्यानं गोणीकडे पाहिलं. मग आमच्या घरामागून क्षितिजापर्यंत पसरलेल्या नांगरटीकडे पाहिलं. काही न बोलता सही घेऊन गेला.

आई बोलली. “आपल्या वावरातल्या मातीला काय धाड भरली होती?”

“ती भेगाळते, आई. हिचा गोळा होतो.”

“केवढ्याला?”

मी किंमत सांगितली. बाजार समितीत त्या आठवड्यात कांद्याला जो भाव निघाला होता, त्याच्यापेक्षा ही माती किलोमागे महाग होती. शेजारचे आबा नुकतेच ट्रॅक्टरभर कांदा विकून आले होते. ते ओट्यावर मटकन बसले आणि म्हणाले, “मास्तर, पुढच्या हंगामात लागवडच करत नाही. वावरच पोत्यात भरतो.”

पुढे एकदा ही गोणी संपली आणि नवी यायला उशीर झाला. त्याच सुमारास कपाटातलं मुलतानी मातीचं पाकीट नाहीसं झालं. ते कोणी घेतलं यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. टीसीची कांती मात्र त्या आठवड्यात फार तुकतुकीत दिसत होती.

गोळे उचलायला जाळीचं काहीतरी हवं होतं. स्वयंपाकघरात दोन झारे होते, त्यातला जुना मी घेतला. बायकोनं नव्या झाऱ्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधला. पण आईचं समाधान झालं नाही. दिवाळीला बुंदी पाडायला घेतली तेव्हा तिनं झारा उजेडात धरून दोरा तपासला आणि तरीही म्हणाली, “या वर्षी शंकरपाळेच करा.”

मग प्रश्न आला ऑफिस कुठं ठेवायचं. आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. टीसीनं बशीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं आणि दोन्हीकडे पाठ फिरवली. जिथं जेवायचं तिथंच ते करायचं नाही, ही त्याची घराणेदार रीत. मग वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलं. नळ आलेला, मशीन लावलेलं आणि टीसी नेमका आत बसलेला असताना मशीननं कपडे पिळायला घेतले. टीसी जो सुटला तो थेट दिवाणावरून, देव्हाऱ्याला वळसा घालून माझ्या शाळेच्या पिशवीत. त्याचं राहिलेलं काम त्यानं तिथं पूर्ण केलं. त्या वर्गाच्या गुणपत्रिका मी पुन्हा लिहिल्या.

टीसी त्या घमेल्याकडे फिरकेना, म्हणून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन बैल, एक गाभण म्हैस आणि सात-आठ शेळ्या. मी मंडईची पिशवी छातीशी धरून उभा होतो. तिच्यातून टीसीचं डोकं बाहेर आलं. पुढचे गृहस्थ मागे वळले.

“काय आहे मास्तर, बोकड?”

“बोका.”

“दूध?”

“पितो.”

डॉक्टर मात्र फार सज्जन. त्यांनी म्हशीला थांबवून टीसीला पाहिलं. म्हणाले, “बोक्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. सारखा जातोय, जोर करतोय आणि काहीच होत नाही असं दिसलं, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी अडलेली असू शकते. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. लगेच आणायचं.” मी म्हणालो, याचं तसं नाही, याचं सगळं होतं, फक्त पिशवीत होतं. मग डॉक्टरांनी नियम सांगितले. जागा शांत हवी. घमेलं मांजराच्या लांबीच्या दीडपट हवं. माती दोन-तीन इंच. रोज उपसायचं. “आणि जितकी मांजरं, त्याहून एक घमेलं जास्त. म्हणजे तुमच्याकडे दोन.”

घरी येऊन मी हे वाचून दाखवलं. बायकोनं शांतपणे विचारलं, “आपल्या घरात माणसं किती?”

“चार.”

“संडास किती?”

“एक.”

“मग डॉक्टरांना विचारा, आमचे चार कधी देणार?”

दोन्ही ऑफिसं जिन्याखाली गेली. टीसी एकात शू करी आणि दुसऱ्यात दुसरं. सकाळी चिरंजीव टॉवेल खांद्यावर टाकून संडासाच्या दाराबाहेर ताटकळत असताना टीसी दोन्हींपैकी कुठं बसावं याचा विचार करत जिन्याखाली येरझारा घालायचा, ते दृश्य त्यांना सहन होत नसे.

खरी पंचाईत वासानं झाली. येत होता म्हणून नव्हे, येत नव्हता म्हणून. रोज उपसल्यावर जिन्याखाली कसलाच वास येईना, आणि आईचा त्यावर विश्वास बसेना. तिच्या मते स्वच्छ जागेला स्वच्छ वास यायलाच हवा. तिनं माझ्या माघारी घमेली काळ्या फिनेलनं धुतली. टीसी आला, हुंगला आणि पुन्हा माझ्या पिशवीकडे बघू लागला. मग पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते जंतुनाशक आलं. मग कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या आल्या. एकदा बायकोनं ब्लीचिंग पावडर टाकली, तेव्हा घमेल्यातल्या शिळ्या लघवीशी तिची गाठ पडली आणि असा वाफारा उठला की जिन्याखाली वाकलेला मी डोळे चोळत थेट अंगणात आलो. शेजारच्या आबांना वाटलं, कांद्याच्या भावानं मलाही रडू आलं.

पुन्हा दवाखाना, पुन्हा शेळ्यांची रांग. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “गुरुजी, फिनेल काय, ते दुधी औषध काय, यातली फिनॉलच्या घराण्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला निपटता येत नाहीत. ते पंजे ठेवणार, पंजे चाटणार, सगळं पोटात जाणार. डांबराच्या गोळ्या त्याहून वाईट. आणि ब्लीचिंग आणि लघवी एकत्र आली की विषारी वायू होतो, तो तुम्हालाही सोडायचा नाही. साधा साबण, गरम पाणी, उन्हात वाळवणं. बस.”

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “ज्याला वास नाही ते कसलं औषध?”

तिनं फिनेल सोडलं, पण तत्त्व सोडलं नाही. सकाळी देवपूजा झाली की एक उदबत्ती जिन्याखाली लागू लागली. मग आदल्या दिवशीचा मोगऱ्याचा गजरा तिथं येऊ लागला. तोवर चिरंजीवांनी एका ऑफिसला छत असलेला नवा डबा आणला होता आणि अंधारात पाय पडू नये म्हणून वर लहानसा दिवा लावला होता. अशात येवल्याहून माझी आत्या आली. हात-पाय धुऊन आत येताना तिला जिन्याखाली दिवा दिसला, उदबत्ती दिसली, गजरा दिसला. तिनं चपळाईनं डोक्यावरून पदर घेतला, वाकून नमस्कार केला आणि डब्यापुढं दहाची नोट ठेवली.

“नवी स्थापना केलीस का रे?”

मी उत्तर जुळवत होतो एवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज आला, पडदा हलला आणि टीसी बाहेर आला. आत्याकडे त्यानं पाहिलं. नोट हुंगली. पावती न देता निघून गेला. आत्या दोन पावलं मागे सरकली. पण नमस्कार करून झाला होता, तो काही परत घेता येत नाही. ती सावरून म्हणाली, “असू दे. वाघाची मावशी म्हणजे देवीच्याच नात्यातली.”

उदबत्ती त्या दिवशी बंद झाली. उपसलेल्या गोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. आमचे मेहुणे उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. त्यांना वाटलं, एवढ्या शिकलेल्या घरात हे कोणाला कसं सुचलं नाही. त्यांनी सगळे गोळे संडासात टाकले आणि वर एक बादली पाणी ओतलं. माती पाण्यात फुगते हे मघाशी सांगितलंच आहे. संडासातही ती फुगली. प्लंबरनं तार घातली, तार थांबली. त्यानं वर बघून विचारलं, “सर, यात सिमेंट कोणी कालवलं?” ते मोकळं व्हायला आमचं पिंप रिकामं झालं, आणि नळ केव्हा येणार ते पंचांगात नव्हतं. त्या आठवड्यात घरात वेळच्या वेळी, सुखानं आणि दोन-दोन ठिकाणी जाणारा एकटा टीसी होता.

तेव्हापासून गोळे पिशवीत बांधून घंटागाडीत जातात. गाडीवरच्या पोरानं पहिल्या दिवशी पिशवी हातात तोलली.

“ओला का सुका?”

मी विचार करून म्हणालो, “ओला होता, आता सुका आहे.”

त्यानं पिशवी दोन्ही कप्प्यांच्या मधल्या पत्र्यावर ठेवली.

मग मुलगी चाळीसगावहून बाळंतपणाला यायची ठरली आणि घरात नवी खळबळ उडाली. मांजराच्या शीमधून गरोदर बाईला आजार होतो, असं कोणीतरी आईला फोनवरून सांगितलं. आईनं जागच्या जागी निकाल दिला. “त्याला मनमाडला सोडून या. सगळे तिथंच गाडी बदलतात.” मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असतो. तो कच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतूनही येऊ शकतो. शिकार आणि कच्चं मांस न खाणाऱ्या घरातल्या मांजराकडून धोका कमी. शिवाय शी पडल्यावर त्यातला अंश रोग लावण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज उपसलं की काळजीचं कारण उरत नाही. हातमोजे घालायचे, नंतर हात धुवायचे. “फक्त गरोदर बाईनं ते काम करायचं नाही. दुसऱ्या कोणीही करावं.”

घरी बैठक बसली. चिरंजीव म्हणाले, मला कॉलेज आहे. आई म्हणाली, मला गुडघे आहेत. बायको म्हणाली, मला तुम्ही सगळे आहात. मी म्हणालो, “माझाही काही विचार करा.”

“करतोय ना,” बायको म्हणाली. “तुम्हाला तर दिवस गेलेले नाहीत?”

अशी माझी नेमणूक पक्की झाली. नातू आला, बारसं झालं, मुलगी सासरी गेली. नेमणूक तशीच आहे.

आणि गुण लपत नाहीत. शाळेत स्वच्छता तपासणी यायची होती. समितीसाठी नाव सुचवायची वेळ आली तेव्हा भूगोलाचे सर उठून म्हणाले, “या विषयात प्रत्यक्ष काम केलेला आपल्यात एकच माणूस आहे.” ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. मी जिन्याखालच्या अनुभवावर शाळेची स्वच्छतागृहं हातात घेतली. रोज दोनदा घासायची, साधा साबण, झडप उघडी, ऊन आणि वारा. आठवड्याभरात तिथं कसलाच वास येईनासा झाला. मुलं नाक न धरता जाऊ लागली. दोघं तर तासाला बाहेर जाऊन लवकर परत येईनात.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक पाहणीला आले. आत गेले, थांबले, खोल श्वास घेतला आणि चिंतेत पडले.

“सर, इथं वासच येत नाही.”

“नाही येत.”

“मग साफ केलंय हे साहेबांना कळणार कसं?”

मी मांजराच्या यकृतापासून सुरुवात केली. त्यांनी शिपायाला हाक मारली. संध्याकाळपर्यंत फिनेलचे दोन डबे रिकामे झाले. सकाळी साहेब आले. दारापासून दहा पावलांवर त्यांचं नाक भरून आलं. त्यांनी रुमाल काढला, नाकाला लावला, समाधानानं मान हलवली आणि आत न जाता तिथूनच वहीत लिहिलं, ‘स्वच्छता अत्युत्तम.’

आमचा टीसी आत गेल्याशिवाय शेरा देत नाही. आणि शेरा वाईट असला तर तो वहीत लिहीत नाही, माझ्या पिशवीत ठेवतो.